धुळीवरचा गूळ

ज्यांच्या घरात जठराच्या कर्करोगाचे नाव नुकतेच शिरले आहे, अशांसाठी मी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. रोग कसा होतो आणि कसा वाढतो, हे मला नीट सांगता येणार नाही. आणि जे नीट सांगता येत नाही ते सांगू नये, अशी माझी शिकवण आहे. हा आजार घेऊन एक साधा माणूस कसा जगला, त्याच्या घरात काय घडले, आणि एका प्रश्नाचे उत्तर पुराव्याशिवाय देण्याची वेळ आली तेव्हा त्याने काय केले, एवढेच येथे आहे. वाचताना थकवा आला तर मध्येच थांबावे. मीही थांबत थांबतच लिहिले आहे.

आमचा कापूस

तरुणपणी काही वर्षे मी पारोळा तालुक्यातील एका गावी प्राथमिक शिक्षक होतो. जागा हंगामी होती, ती गेली. पुढे धुळ्याबाहेर सिमेंटचे पत्रे आणि पाइप तयार करणारा कारखाना निघाला. तेथे मी लागलो आणि तेथेच माझे केस पांढरे झाले. त्या कारखान्याचे नाव मी लिहिणार नाही. नावाने आता कोणाचे भले होणार नाही. शाळा सुटली तरी ‘गुरुजी’ ही हाक मात्र सुटली नाही. कारखान्यात मला सगळे गुरुजीच म्हणत, घरी थोरले बंधूही म्हणत.

माझे खाते मिश्रणाचे होते. अ‍ॅसबेस्टॉसच्या गोणी सुरीने फाडायच्या, आतील तंतू हाताने मोकळा करायचा आणि सिमेंटबरोबर यंत्राच्या तोंडात टाकायचा. हा तंतू दिसायला पिंजलेल्या कापसासारखा असतो. खानदेशातील माणसाला कापसाची काय भीती? आमच्यातील कितीतरी जण आधी जिनिंगमध्ये राबलेले होते. तेथे रुई हवेत उडते, नाकात जाते, भुवयांवर बसते, आणि संध्याकाळी अंघोळ केली की माणूस पुन्हा माणसासारखा दिसू लागतो. हा कापूस दगडातून निघतो हे आम्हाला ठाऊक होते. पण डोळ्यांना जे कापसासारखे दिसते, त्याला हातही कापसासारखेच वागवतात.

जिनिंगमधूनच आम्ही एक रिवाज बरोबर आणला होता. पाळी संपली की गुळाचा खडा खायचा. घशात बसलेली धूळ गुळाबरोबर खाली उतरते आणि छाती मोकळी राहते, असे सगळे मानत. थुंकणे हे अर्धवट काम समजले जाई. गिळले म्हणजे धुळीचा निकाल लागला. सुरुवातीला गूळ आम्ही घरून आणत असू. नंतर युनियनने तो मागण्यांमध्ये घातला. एके वर्षी कारखान्याने गूळ बंद केला, तेव्हा आम्ही फाटकासमोर बसलो आणि तो पुन्हा सुरू करूनच उठलो. त्या दिवशी सर्वांना जिंकल्यासारखे वाटले होते. तोंडाला बांधण्याच्या चांगल्या फडक्यासाठी किंवा गोणी ओल्या करून फाडण्यासाठी आम्ही कधीही बसलो नाही. असे काही मागता येते, हेच आम्हाला माहीत नव्हते.

भरिताच्या दिवशी

आमच्याकडे हिवाळ्यात नातेवाईक शेतात जमतात. कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची आणि सर्वांनी बांधावर बसून खायची. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, जळगावजवळच्या आमच्या गावी शेती करतात. त्या वर्षी त्यांच्या शेतात मी अर्धी भाकरी खाऊन हात धुतला.

नानांनी माझ्या पानाकडे पाहिले. “गुरुजी, तू भरीत का बरं खात नही? तिखं लागस का?”

पोट भरल्यासारखे वाटते, असे मी सांगितले. त्यावर ते जमलेल्यांना म्हणाले, “हाऊ शहरमा ऱ्हाईसन सायेब व्हई गया.” सगळे हसले. मीही हसलो. फक्त माझी पत्नी सुमन हसली नाही. मी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडले होते, ते तिने आदल्या आठवड्यात पाहिले होते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. माझे पोट फारसे दुखत नव्हते. दुखले असते तर मी लवकर गेलो असतो. मला होत होते ते एवढेच, की चार घास खाल्ले की पोट तुडुंब वाटे. आणि आमच्याकडे असल्या प्रत्येक गोष्टीला ‘पित्त’ म्हणतात. मी सोडा घेतला, जिऱ्याचे पाणी घेतले, उपास केले. भूक लवकर भागू लागली, कपडे सैल होऊ लागले आणि शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले, तर सोडा घेत बसू नये. हे एका वाक्यात सांगता येते. मला ते कळायला हिवाळा संपावा लागला.

सगळ्यांचे एकच उत्तर

शिमग्याच्या सुमारास कारखान्याच्या फाटकाजवळ मला भोवळ आली. माझा मुलगा प्रवीण तेव्हा आय. टी. आय.मधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण करून घरी बसला होता. तो मला जळगावला घेऊन गेला. तेथे एका शल्यचिकित्सकांकडे पोटात नळी घालून आतून पाहण्याची सोय होती. नळी गिळताना एका परिचारिकेने माझा हात धरून ठेवला. तिचे नाव मी विचारायला हवे होते.

जठरातून काढलेला तुकडा तपासायला गेला. निकाल घ्यायला सुमन, प्रवीण आणि नाना आत गेले. मला बाहेरच्या बाकावर बसवले होते. समोरच्या डाळ मिलची बारीक पिवळी भुकटी दारावर, पायऱ्यांवर आणि बाकावर बसली होती. मी ती बोटाने पुसत राहिलो.

तिघे बाहेर आले. सुमन म्हणाली, अल्सर आहे. प्रवीण म्हणाला, अल्सर आहे. नानांनी हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल, तेही म्हणाले, “अल्सर शे, दुसरं काही नही.”

वर्गात जेव्हा तीन मुलांचे एकच उत्तर एकाच शब्दांत येते, तेव्हा शिक्षकाला कळते की उत्तर कोणीतरी बाहेर ठरवून दिले आहे. मी उठलो आणि एकटाच आत गेलो. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी खोटे बोलायचे कबूल करून टाकले होते, त्यामुळे ते अवघडले. मी त्यांना म्हणालो, “डॉक्टर, मला शब्द सांगा. मग मी बाहेर जाऊन अल्सरच म्हणेन.”

त्यांनी शब्द सांगितला. जठराचा मोठा भाग काढावा लागेल, असेही सांगितले. मी बाहेर आलो आणि सुमनला म्हणालो की अल्सर आहे, ऑपरेशन करावे लागेल. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिला कळले की मला कळले आहे. धुळ्याच्या एस. टी.त ती पूर्ण वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. मला दुःखापेक्षा थकवाच अधिक वाटत होता, जणू आता पुष्कळ काम करायचे आहे आणि ते टाळण्याची सवलत नाही.

घरच्यांनी रुग्णापासून शब्द लपवावा की नाही, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे: लपवून काही साधत नाही, फक्त घरात प्रत्येक जण वेगळ्या खोलीत रडतो.

वॉर्ड

ऑपरेशन वैशाखात झाले. जळगावचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती, कुशीत नळी होती आणि तोंड पायतणाच्या चामड्यासारखे सुकले होते. पाणी द्यायचे नव्हते. सुमन ओल्या कापसाने माझे ओठ पुसत असे. तहान हा या आजारातील एक मोठा धडा आहे. त्या दिवसांत मला मृत्यूची भीती वाटत नव्हती, मला फक्त माठ दिसत असे.

वॉर्डाचा दिवस पहाटे झाडूच्या आवाजाने सुरू होई. मग थर्मामीटर, सलाइनची बाटली बदलणे, डॉक्टरांची फेरी आणि त्यानंतर लांबलचक दुपार. वीज गेली की छताचे पंखे हळूहळू थांबत, आणि सगळे रुग्ण वर बघत राहत. मग नातेवाईक रुमाल ओले करून वारा घालू लागत. आपल्याच माणसाला नव्हे, शेजारच्यालाही. सुमनचा एक हात माझ्यावर आणि दुसरा पलीकडच्या खाटेवर चालत असे.

त्या पलीकडच्या खाटेवर मुक्ताईनगरकडचे एक केळी बागायतदार होते. त्यांच्या आतड्याचे ऑपरेशन झाले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. वॉर्डात हसण्याचे काम त्यांनी एकट्याने अंगावर घेतले होते. मला पहिल्यांदा पाणी देण्याची परवानगी मिळाली, तेव्हा परिचारिकेने चमचा मोजून दिला. आबांनी मान वर केली.

“बाई, इतल्याशा पान्यात तं आमची मुंगीबी भिजत नाई. गुरुजीले निदान छडीइतकं तरी द्या.”

मी हसलो आणि टाके इतके दुखले की डोळ्यांत पाणी आले. परिचारिकेने त्यांना दम दिला. आबा शांतपणे म्हणाले, “पाह्य, डोयातून निंघालं. म्हंजे जास्तच दिलं तुमी.”

अशी माणसे वॉर्डात भेटतात. त्यांचे ऋण औषधाइतकेच असते.

फळे घेऊन आलेले साहेब

टाके निघाल्यावर कारखान्यातून पर्सोनेलचे साहेब भेटायला आले. मोसंबी घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझी चौकशी केली आणि मग मुद्द्याची गोष्ट सांगितली. मी आता वैद्यकीय कारणावरून निवृत्ती घेतली, तर नियमाप्रमाणे माझ्या जागी प्रवीणला घेता येईल. नोकरी कायम. खाते तेच, मिश्रणाचे. कारण रिकामी होणारी जागा तेथेच. मात्र माझी आजारपणाची रजा संपण्याआधी अर्ज यायला हवा. नंतर मी कामावर परतलो तर जागा रिकामी झालीच नाही असे होईल.

साहेब गेले, आणि वॉर्डात सणासारखे वातावरण झाले. नाना खाटेच्या कडेवर बसले. “गुरुजी, देव एका हातनी लेस, दुसरा हातनी देस. इतली चांगली जागा शे, पोरले लाई दे.” आजार सुरू झाल्यापासून सुमनचा चेहरा मी प्रथमच सैल पडलेला पाहिला. प्रवीणसाठी शिरपूरकडील एका घरातून विचारणा आली होती, आणि मुलगा कायम नोकरीत आहे का, एवढेच त्यांनी विचारले होते. प्रवीण दाराशी उभा होता. त्याने एक मोसंबे सोलायला घेतले आणि सबंध सोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की मला ते खाता येत नाही.

एवढ्या सगळ्यांच्या सुखासाठी मला फक्त सही करायची होती.

डॉक्टरांना विचारलेला प्रश्न

दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला होता. भूल देण्यापूर्वी काढलेला तोच फोटो त्यांना पुन्हा पाहायचा होता. फुप्फुसांच्या खालच्या भागात जाळीसारखे व्रण दिसतात, असे ते म्हणाले आणि त्यांनी विचारले की मी नेमके काम काय करतो. मी सांगितले. धूळ किती, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. मग मी त्यांना गुळाचेही सांगितले, अगदी सहज. आम्ही काळजी घेत होतो हे त्यांना कळावे म्हणून.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. “म्हणजे घशात अडकलेली धूळ तुम्ही रोज गिळत होता?”

“हो. छातीत जाऊ नये म्हणून.”

मग त्यांनी मला जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण येथे अतिशयोक्ती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. या तंतूने फुप्फुसांचे नुकसान होते, हे निश्चित आहे. श्वासाबरोबर आत गेलेल्या धुळीचा काही भाग कफातून घशात येतो आणि गिळला जातो, हेही खरे. अशा कामगारांमध्ये जठराचा कर्करोग अधिक आढळतो असे काही ठिकाणी दिसले आहे, पण ते फुप्फुसांइतके पक्के नाही. जठराच्या कर्करोगाला तंबाखू, खारवलेले पदार्थ, जंतू, अशी इतरही कारणे असतात. आणि एकाच माणसाच्या पोटाकडे बोट दाखवून ‘हे धुळीनेच झाले’ असे कोणीही म्हणू शकत नाही.

“मला तसे लिहून मागाल तर मी देऊ शकणार नाही, गुरुजी.”

मी म्हणालो की तसे लिहून नको. माझ्या जागी मुलाला घेत आहेत. त्याला तेथे पाठवणे सुरक्षित आहे, असे लिहून द्याल का?

डॉक्टर म्हणाले, “तेही नाही देता येणार.”

ते पुढच्या खाटेकडे गेले. मी शाळेत मुलांना शिकवत असे की जे सिद्ध झाले नाही ते खरे धरू नये. त्या दुपारी पंखे थांबलेले असताना मला या नियमाची दुसरी बाजू दिसली. धोका सिद्ध झाला नाही, म्हणून धोका नाही असे आपण समजतो. पण धोका नाही हे तरी कोठे सिद्ध झाले होते? दोन्ही बाजूंना पुरावा नव्हता. मग प्रश्न उरला तो एवढाच, की चूक झालीच तर ती कोणती परवडेल. प्रवीणची नोकरी गेली तर तो दुसरी शोधेल. पण दुसरी चूक झाली, तर वीस वर्षांनी कोणीतरी त्याच्या ओठांवर ओला कापूस फिरवत बसेल.

मी सही केली नाही. जागा रिकामीच होऊ नये म्हणून कामावर परत जायचे ठरवले.

घर

घरी आल्यावरचे दिवस रुग्णालयापेक्षा कठीण असतात, हे पुढील रुग्णांनी ध्यानात ठेवावे. रुग्णालयात सगळे आजारी असतात; घरी आपण एकटेच. जठर लहान झाल्यामुळे थोडे थोडे, वारंवार खावे लागे: मऊ भात, मुगाचे वरण, ताकात कुस्करलेली भाकरी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा यांच्या नुसत्या वासाने मी बेचैन होई. गोड खाल्ले की थोड्या वेळाने छाती धडधडे, घाम फुटे आणि आडवे पडावे लागे. गुळाचा एक लहानसा तुकडाही मला चालेना. इंजेक्शनांसाठी जळगावच्या फेऱ्या सुरूच होत्या. त्यानंतर तोंड येई आणि पाणीही बोचे. या काळात माणूस चिडका होतो. मी वरण पातळ झाले म्हणून सुमनकडे ताट सरकवले आहे. तिने ते उचलले आणि दाट करून आणले.

सही करणार नाही, हे मी सुमन, नाना आणि प्रवीण यांना ओसरीवर सांगितले. कारणेही क्रमाने सांगितली. सुमनने एकच विचारले की शिरपूरच्या मंडळींना काय कळवायचे. नाना गावी निघून गेले आणि दिवाळीपर्यंत आले नाहीत.

प्रवीण मात्र बोलला.

“डॉक्टरांनी लिहून दिलंय का, धुळीनं झालं म्हणून?”

“नाही.”

“मग? तिथे एवढी माणसं काम करतात. सगळ्यांना झालं का?”

“नाही. सगळ्यांना झालेले नाही.”

“बाबा, तुम्हाला धड दोन घास जात नाहीत. चालताना भिंत धरता. आणि तुम्ही कामावर जाणार, का, तर मी जाऊ नये म्हणून.” त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरे झाले असते. “तुम्ही माझी जागा अडवून बसलात.”

मी म्हणालो, “हो.”

याहून चांगले उत्तर मला आजही सुचलेले नाही. शिरपूरकडील विचारणा त्यानंतर थंडावली. पावसाळ्यात प्रवीण चाळीसगावला गेला आणि विजेच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला लागला. तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश लावायचे. पगार बेताचा, नोकरी कायम नाही. जाताना तो पाया पडला, कारण सुमन दारात उभी होती.

पुन्हा फाटकापाशी

मी रजा संपण्याआधी हजर झालो. मिश्रणाचे काम झेपणार नाही असा दाखला होता, म्हणून मला स्टोअरमध्ये बसवले. हातमोजे, फडकी, साबण देण्याचे हलके काम. पाळी संपताना गूळ वाटण्याचे कामही स्टोअरच्याच खिडकीवर होते.

मिश्रणातील माझी जागा मोकळी राहिली नाही. दुसऱ्या खात्यातून एका तरुणाला तेथे हलवले. माझा मुलगा वाचला आणि दुसऱ्याचा गेला, असा हा हिशेब मी पुष्कळ वेळा मनात मांडला आहे. तो कधीही जुळत नाही, आणि मी तो जुळल्याचा आव आणत नाही.

मला जे जमले ते मी केले. खिडकीशेजारी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला. आधी चूळ भरायची, खाकरून थुंकायचे, पुन्हा चूळ भरायची, मग गूळ. सुरुवातीला खूप चेष्टा झाली. माझ्याबरोबर वर्षानुवर्षे गोणी फाडलेला हिरामण रांगेतून ओरडला, “चला रे, गुरुजींनी प्रार्थनेची घंटा दिली!” दुसऱ्याने विचारले की नखेही तपासणार का. मी म्हणालो की उद्यापासून तपासेन. हसत हसत का होईना, ते चूळ भरू लागले. साहेबांकडे जाऊन मी गोणी ओल्या करून फाडण्याबद्दल बोललो. त्यांनी ऐकून घेतले. पुढे काही महिने ते झाले, मग पाण्याची टंचाई आली आणि बंद पडले, मग युनियनने मागितल्यावर पुन्हा सुरू झाले. या कामाचा फार मोठा परिणाम झाला असे मी म्हणणार नाही. थुंकण्याने सगळी धूळ निघत नाही. ती श्वासाने आत जातेच. पण हिरामणने एकदा मला बाजूला घेऊन विचारले की त्याच्या छातीचा फोटो कोठे काढायचा, आणि मी त्याला जळगावचा पत्ता सांगितला.

उभे राहून थकवा येई. खिडकीच्या मागे गोणपाट अंथरून मी पाठ टेकत असे. काही वेळा वाटे की सही करून टाकली असती तर या वेळी मी घरी झोपलो असतो, आणि घरात सून असती. हे विचारही लिहून ठेवतो. रुग्णाने घेतलेला निर्णय त्याला रोज नव्याने घ्यावा लागतो. एकदा घेऊन तो संपत नाही.

शेवटचा दिवस

तपासण्या ठरल्याप्रमाणे होत राहिल्या. आजार परतला नाही. डॉक्टर म्हणतात की आता त्यांना आशा वाटते. मी तेवढ्यावर थांबतो, कारण तेही तेवढ्यावरच थांबतात. गेल्या वर्षी मी वयाप्रमाणे रीतसर निवृत्त झालो. रीतसर निवृत्त होणाऱ्याच्या जागी मुलाला घेण्याचा नियम नाही. म्हणजे ती वाट त्या दिवशी कायमची बंद झाली.

फाटकावर हार झाला, नारळ दिला, दोन भाषणे झाली. बाहेर आलो तेव्हा प्रवीण स्कूटर घेऊन उभा होता. मी त्याला बोलावले नव्हते. सुमनने कळवले असावे. आता त्याचे चाळीसगावात स्वतःचे छोटे दुकान आहे. लग्न झालेले नाही. आमच्यात बोलणे आहे, पण ते पाऊस, तब्येत आणि गाडीच्या वेळा यांपलीकडे जात नाही.

त्याने हार माझ्या गळ्यातून काढून डिकीत ठेवला आणि काही वेळ फाटकाकडे पाहत राहिला. तेवढ्यात पाळी सुटली. माणसे बाहेर येत होती. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या. प्रवीणच्या वयाचा एक जण खोकत खोकत सायकलचे कुलूप काढत होता. प्रवीणने त्याच्याकडे पाहिले आणि मग स्कूटर सुरू केली.

घराकडे वळण्याआधी एका विरळ निंबाखाली त्याने ती थांबवली.

“बाबा, माझा राग गेला असं समजू नका.”

मी म्हणालो की नाही समजत.

“तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं. निदान एकदा.”

“विचारले असते तर तू हो म्हणाला असतास.”

“म्हणालो असतो,” तो म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिले. “आईनं डबा दिला होता ना सकाळी? भाषणांत तुमची खायची वेळ टळली.”

माझ्या लक्षातच आले नव्हते. त्याने पिशवीतून डबा काढला, झाकणात ताकातला भात घालून माझ्या हातात दिला आणि त्याची सावली माझ्यावर पडावी म्हणून उन्हाच्या बाजूला उभा राहिला. मला खायला वेळ लागतो. प्रत्येक घास पुष्कळ चावावा लागतो. रस्त्यावरून ट्रक जात होते, स्कूटरचे यंत्र तापून टिकटिकत होते, आणि तो मला घाई कर असे म्हणाला नाही.